पालथा फोन

१२ जून

लंबू,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पत्ता वहिनींनी दिला. त्यांच्यावर चिडू नकोस, मीच हात धुऊन मागे लागले होते. "भावाकडे आलाय, परक्याकडे नाही. खातोय, झोपतोय," म्हणाल्या, आणि मग आवाज खाली करून, "झालंय तरी काय तुमच्यात?" मी म्हटलं, काही नाही हो, त्याच्या कामाचा ताण.

आज अकरा दिवस झाले. परवा बुधवारी संध्याकाळी सात वाजता सवयीने लॅपटॉप उघडला, त्याच्याखाली चार जाड पुस्तकंही लावली. मग लक्षात आलं की कुणासाठी लावतेय? ती पुस्तकं तुझ्या उंचीसाठी होती. पहिल्या दिवशी समुपदेशक मॅडमना पडद्यावर तुझी फक्त हनुवटी दिसत होती. "मिस्टर आलेत ना?" त्यांनी विचारलं आणि तू मान खाली वाकवून तोंड दाखवलंस. आपण तिघंही हसलो होतो. एकाच गोष्टीला आपण दोघं एकाच वेळी हसलो, असं त्याआधी कधी झालं होतं, मला आठवत नाही.

तू दारात बॅग घेऊन जे विचारलंस त्याचं उत्तर पुन्हा देते. तू मॅडमना जे सांगितलंस, त्यातला एक शब्दही माझ्या तोंडून बाहेर गेलेला नाही. शपथेवर सांगते. आता साहेबांना ते कसं कळलं आणि तुला गोदामात का बसवलं, ते मी कसं सांगू? मॅडमचं नाव तुमच्या ऑफिसच्या फलकावरच्या यादीतूनच घेतलं होतं, त्यामुळे तुला त्यांचा संशय येणं साहजिक आहे. तू त्यांच्या संस्थेकडे तक्रार केलीस, ठीक आहे. तुला जे योग्य वाटलं ते केलंस.

दाराची कडी पुन्हा अडकते. तू तेल घालायचास ती बाटली कुठे आहे?

तुझी,
चष्मिस


२० जून

लंबू,

तुझं उत्तर नाही. वहिनी म्हणाल्या, "वाचतो की नाही माहीत नाही, पण फेकलं नाही हं." मी एवढ्यावर खूश झाले, बघ माझी काय गत झाली आहे.

संस्थेची मेल आली आहे. चौकशी संपेपर्यंत मॅडमना काम थांबवायला सांगितलंय. मला प्रश्न विचारलाय: "सत्रातील संभाषण त्रयस्थ व्यक्तीस समजण्याचा अन्य काही मार्ग आपल्या माहितीत आहे काय?" उत्तर तीस तारखेपर्यंत द्यायचं आहे. मी "नाही" असं लिहिलं. मग खोडलं. मग जेवायला बसले आणि ताट तसंच सारलं.

काल आमच्या दातांच्या लॅबमध्ये एका आजोबांची कवळी परत आली. डॉक्टरांनी चिठ्ठी जोडली होती, उजवीकडे टोचते, पेशंट हिरडी सोलून घेऊन आला. मी मेणाचा साचा तपासलाच नव्हता. मालकीणबाई ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. चष्मा वर करून म्हणाल्या, "तुझ्या हातून असं होत नाही. घरी सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, हो. त्या आजोबांनी आठ दिवस काय खाल्लं असेल, कुणास ठाऊक. मी ती कवळी पुन्हा पहिल्यापासून केली. सगळ्यात सोपी दुरुस्ती तीच, जी हातात धरून घासता येते.

मॅडमचा चेहरा सारखा समोर येतो. त्यांच्या मागच्या भिंतीवर ते तिरकं घड्याळ होतं, आणि कुणी रडायला लागलं की त्या स्वतःच पाणी प्यायच्या. तू एकदा म्हणाला होतास, "बाई आपल्यापेक्षा जास्त घाबरलेली वाटते." त्यांनी तुझं कधी वाईट केलं असेल असं मला वाटत नाही. म्हणजे, मला काय माहीत. पण वाटत नाही.

एक सांगायचं राहिलं. ताईला मी थोडंफार सांगायचे. आपल्याबद्दल. बहिणीला माणूस सांगतोच. पण जे मुख्य होतं, ते मी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं नव्हतं.

हे वाक्य दोनदा का लिहिलं, तुला समजत असेल.

चष्मिस


२७ जून

लंबू,

हे पत्र सकाळपासून चौथ्यांदा लिहितेय. आधीच्या तिन्हींत मी स्वतःला कुठे ना कुठे वाचवून घेतलं होतं. आता सरळ लिहिते.

माझ्या तोंडून एक शब्द गेला नाही, हे खरं आहे. जायची गरजच नव्हती. ताई ऐकत होती.

आपण सोफ्यावर बसायचो, समोर लॅपटॉप, आणि टीपॉयवर वर्तमानपत्राखाली माझा फोन पालथा असायचा. सात वाजायच्या आधी मी ताईला फोन लावून तो तसाच ठेवायचे. तिसऱ्या बुधवारपासून शेवटच्या बुधवारपर्यंत. एकूण सहा वेळा.

का, ते सांगते. माफी मागायला नाही, तुला माहीत असावं म्हणून. पहिल्या दोन सत्रांत तू कमी बोललास, पण जे बोललास ते मॅडम लिहून घ्यायच्या. मी अर्धा तास बोलले, तर त्या म्हणाल्या, "जरा त्यांनाही बोलू द्या." मला वाटलं, झालं, ही बाई याच्या बाजूची. ताईकडे जाऊन रडले. ताई म्हणाली, "तू भोळसट आहेस. त्याच्या गोड बोलण्याला भुलशील आणि घटस्फोटाच्या सह्या करून मोकळी होशील. मला ऐकू दे, कुठे काय बोलायचं ते मी सांगते." लहानपणापासून माझ्या शाळेच्या वेणीपासून लग्नाच्या शालूपर्यंत सगळं तिनेच ठरवलं. मला ते चुकीचं वाटलंच नाही. म्हणजे, वर्तमानपत्र घालून झाकावं लागलं, त्याअर्थी कुठेतरी वाटलंच असणार.

लॅपटॉपच्या माझ्या बाजूच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात तिचे मेसेज यायचे; तू मॅडमकडेच बघायचास, तुझं तिकडे लक्ष नसायचं. "बाथरूमचं विचार." "रडू नको, तो जिंकेल." मी मध्येच विषय बदलायचे, आठवतं? तू वैतागून म्हणायचास, "तू माझं ऐकतच नाहीस." खरंच ऐकत नव्हते रे, मी वाचत होते.

आणि बाथरूम. वर्षभर तू रोज सकाळी नळ सोडून आत तासभर बसायचास. मला खात्री होती, आत कुणा बाईशी बोलतोस. ताईलाही होती. त्या शेवटच्या बुधवारी मी तेच विचारलं, मोठ्या तावातावाने, आणि तू मॅडमकडे बघितलंस. मग म्हणालास, "उलट्या होतात मला."

त्यानंतर तू जे बोललास ते मला पाठ आहे. तुला हे काम शिकवणारे उस्ताद लिफ्टच्या खड्ड्यात उतरले असताना लिफ्टची केबिन दोन फूट खाली सरकली आणि त्यांचा पाय गेला. ती थांबवायचं बटण दाबायला तू वर होतास, आणि तुझा हात पोचायला एक क्षण उशीर झाला. चौकशीत तुझी चूक निघाली नाही. पण तेव्हापासून केबिनच्या टपावर चढलं की पाय तुझे राहत नाहीत. तू सुरक्षेचे दोन पट्टे बांधतोस, आकडे मोजतोस, काम पुरं करतोस, आणि दुसऱ्या दिवशी तिथे पुन्हा जायचंय या विचाराने सकाळी उलट्या करतोस. "सतरा वर्षं हे काम केलंय," तू म्हणालास, "मला दुसरं काही येत नाही. कुणाला कळलं तर मी संपलो."

मॅडम पाणी प्यायल्या. मी तुझा हात धरला. त्याच वेळी मला फोन आठवला. ताई ऐकत होती. तुझं "कुणाला कळलं तर" हेसुद्धा तिने ऐकलं होतं. फोन माझ्यापासून हातभर अंतरावर होता. आजपर्यंत मी स्वतःला सांगत आले की मी दोन्ही हातांनी तुझा हात धरला होता, फोन बंद कशी करणार. खरं सांगायचं तर तुझा हात धरायला एक हात पुरला असता.

तेवढ्यात कोपऱ्यात मेसेज आला. "नाटक करतोय. सहानुभूती हवीय."

आणि लंबू, क्षणभर मला वाटलं, असेलही. तू थरथरत होतास आणि मला वाटलं, असेलही.

पुढचं तुला माहीत असलेल्या गोष्टीशी जुळव. ताईने जेवताना भावजींना सांगितलं. तुमच्या ऑफिसात कुणाला कुठल्या इमारतीत धाडायचं ते भावजीच ठरवतात. त्यांनी साहेबांच्या कानावर घातलं. सोमवारी साहेबांनी तुला गोदामात बसवलं. "आम्हाला सगळं कळतं," एवढंच म्हणाले. मंगळवारपासून पोरं तुला "तळमजला" म्हणायला लागली. तू घरी येऊन मला विचारलंस आणि मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हटलं, माझ्या तोंडून एक शब्द गेला नाही. वाक्य आधीच जुळवून ठेवलं होतं. तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि मॅडमवर तक्रार केलीस, तरी कुठेतरी शंका उरलीच असणार, म्हणून जाताना दारात पुन्हा विचारलंस. तक्रारीतली भाषा नीट आहे ना बघ, म्हणून तू मला वाचायला दिलीस. मी एक काना दुरुस्त करून दिला.

हेच सगळ्यात वाईट. ताईने ऐकलं, भावजींनी सांगितलं, हे सगळं झालं ते झालं. पण तो काना मी दुरुस्त करून दिला.

संस्थेला परवा उत्तर पाठवणार आहे. आधी तुला कळावं म्हणून हे आज टाकतेय. खाली नाव लिहायचा धीर होत नाही.


४ जुलै

लंबू,

उत्तर पाठवलं. सगळं लिहिलं, फोन, वर्तमानपत्र, ताईचं नातं, तारखा. "तक्रारदाराने तक्रार माझ्या खोट्या बोलण्यावरून केली, त्यांचा त्यात दोष नाही," हेही लिहिलं. दोन दिवसांनी मॅडमना काम पुन्हा सुरू करायला सांगितल्याचं संस्थेने कळवलं. तीन आठवडे त्यांच्याकडची सगळी जोडपी खोळंबली होती.

मॅडमचंही उत्तर आलं. मला वाटलं होतं, समजून घेतील. कामच आहे ना त्यांचं. त्यांनी लिहिलंय: "तुम्ही खरं लिहिलंत, आभारी आहे. यापुढे तुम्हा दोघांसोबत काम करणं मला जमणार नाही. मला राग आला आहे आणि रागावलेल्या माणसाने हे काम करू नये. त्यांनी त्या दिवशी जे सांगितलं ते सांगायला फार ताकद लागते. कृपया त्यांना उपचार थांबवू देऊ नका." दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, त्यात माझ्याबद्दल एकही प्रश्न नव्हता. बरोबरच आहे.

पाठवायच्या आधी मी ताईकडे गेले होते. ती धुतलेले पडदे लावत होती, स्टुलावर उभी. मी खालून एकेक कडी हातात देत सांगितलं. ती तशीच वर उभी राहून म्हणाली, "माझं नाव कशाला घालतेस? माझ्या बहिणीला कळलं, एवढं लिही."

"बहीण म्हणजे तूच ना ताई. मला काय चार बहिणी आहेत?"

"मी कुणासाठी केलं हे? तुझ्यासाठीच केलं ना?"

"हो. आणि मी करू दिलं."

"मग आता एकदम साध्वी झालीस का?"

"नाही," मी म्हटलं. "पण मॅडमचं काम बंद आहे."

ती खाली उतरली, स्टूल भिंतीला लावलं, आणि पाठ करून म्हणाली, "जा तू." आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या घरून चहा न घेता निघाले.

जिन्यात भावजी भेटले. त्यांनी आतलं ऐकलं असावं. मला थांबवून, चपलेकडे बघत म्हणाले, "मी साहेबांना सांगितलं ते त्याच्या जिवासाठीच. घाबरलेला माणूस शाफ्टमध्ये नको, हे खरंच आहे ना?" मी जिना उतरायला लागले. मग ते म्हणाले, "पण चार लोकांत सांगितलं. आणि हसत सांगितलं. ते चुकलं." तुला फोन करू का, असं विचारत होते. मी म्हटलं, ते तुम्ही आणि तुमचे साडू बघा, मी मध्ये पडत नाही. मला मध्ये पडायची आता भीती वाटते.

तू काय करशील मला माहीत नाही. घटस्फोट मागितलास तर आडकाठी करणार नाही. हे मोठेपणाने लिहीत नाहीये. मला तू हवा आहेस. पण हवा आहेस म्हणून मी जे जे केलं ते वर लिहिलंच आहे.

चष्मिस


९ ऑगस्ट

लंबू,

तुझं कार्ड माझ्यासमोर आहे. "पत्रं वाचली. एका निर्दोष बाईविरुद्ध मी सही केली आणि ती तू माझ्याकडून करवून घेतलीस. त्यांना मी माफीचं पत्र लिहिलंय. महिनाभर काही लिहू नकोस." महिना परवा संपला. त्याआधीच तुझा फोन आला तेव्हा माझ्या हातात प्लास्टरचा साचा होता, तो तसाच धरून मी लॅबच्या गच्चीवर धावले. तू म्हणालास, "दुसरे समुपदेशक शोधलेत. आपल्या कुणाच्याच ओळखीचे नाहीत. शनिवारी सकाळी दहाला. तू तिथून, मी इथून." मी "हो" म्हणेपर्यंत तू फोन ठेवलास, आणि साचा माझ्या बोटांत घट्ट झाला होता.

कालचं मला लिहून ठेवायचंय, आणि तुलाही मला काय दिसलं ते कळायला हवं.

हे नवे सर आपल्या वडिलांच्या वयाचे. पहिली पाच मिनिटं ते आवाज बंद ठेवूनच बोलत होते, आणि आपण दोघंही माना डोलावत होतो. तुझ्या ओठाचा कोपरा हलला, पण तू हसला नाहीस. मीही आवरलं. तुझ्याआधी हसायचा हक्क मला नाही, असं वाटलं.

मग सर म्हणाले, "सुरुवात कोण करतंय?" आणि तू म्हणालास, "आधी तिला खोली दाखवायला सांगा."

सर गोंधळले. मी नाही. मी लॅपटॉप उचलला आणि हळूहळू फिरवला. सोफा, टीपॉय, खिडकी, स्वयंपाकघराचं दार. दार उघडून आत नेला. बाथरूमही दाखवलं. पलंगाखाली वाकले तेव्हा तू म्हणालास, "पुरे." मग मी फोन कॅमेऱ्यासमोर धरून बंद केला आणि पडदा काळा झालेला दाखवला. एखाद्या चोराची झडती घ्यावी तसं ते होतं, आणि झडती बरोबर होती.

"आता दर वेळी हे करायचं का?" सरांनी विचारलं.

"दर वेळी," तू म्हणालास.

"चालेल?" त्यांनी मला विचारलं.

"चालेल," मी म्हटलं.

त्यानंतर चाळीस मिनिटं मी गप्प होते. तू उस्तादांकडे जाऊन आल्याचं सांगितलंस. ते कुबडी घेऊन दारापर्यंत आले आणि त्यांनी तुलाच धीर दिला. कंपनी सोडून तू तिथल्या कारखान्यात केबिनचे दरवाजे बसवतोस, जमिनीवर उभं राहून. तिथल्या लोकांना तू पहिल्याच दिवशी सांगून टाकलंस की शाफ्टमध्ये उतरणार नाही, आणि कुणी का म्हणूनही विचारलं नाही. सर म्हणाले, "आणि बायकोबद्दल?" तू कॅमेऱ्याकडे नाही, पडद्यावरच्या माझ्याकडे बघितलंस. "माझा तिच्यावर विश्वास नाही," म्हणालास. "परत जाईन असं मी म्हणत नाही. पण शनिवारी येईन."

मी रडले नाही. ऐकलं. मध्ये कुठलाही मेसेज नव्हता, म्हणून तुझा आवाज पहिल्यांदा पुरता ऐकू आला. "शनिवारी" म्हणताना तुझा आवाज जरासा चिरतो.

दुपारी ताईचा फोन आला. सव्वा महिन्याने. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाली, "झालं का तुमचं? काय म्हणाला?"

"ते मी सांगणार नाही, ताई."

"अगं, मी काय कुणाला सांगतेय का आता? मला पण नाही?"

"तुला पण नाही."

मग तिने भाजीला काय केलंस असं विचारलं, आणि मी सांगितलं.

शेवटच्या पाच मिनिटांत, सर वेळ बघायला लागले होते तेव्हा, तू आणखी एक गोष्ट सांगितलीस. ती आजवर तू कुणालाच सांगितली नव्हतीस, असं म्हणालास. ती मी या पत्रातही लिहीत नाही. पत्र पोस्टात जाईल, वहिनींच्या हातातून तुझ्याकडे येईल.

ती माझ्याजवळ आहे.

चष्मिस